सरांकडून रेकमेंडेशन लेटर कसं घ्यायचं: कोकणातल्या पोरांसाठी, आणि सरांसाठी पण

नीट, जेईई, सीईटी, सीयूईटी यातूनच ॲडमिशन घ्यायची असेल तर हे वाचायची काही गरज नाही. तिथे मार्क बोलतात, सरांचं पत्र कुणी मागत नाही. आणि म्हणूनच आपल्याकडे, सिंधुदुर्ग-रत्नागिरीच काय पण वर अलिबागपर्यंत, ज्युनिअर कॉलेजांना ह्या पत्राची सवयच नाहीये. मग एखादी पोरगी बाहेर अप्लाय करायचं ठरवते, फॉर्म भरता भरता रेकमेंडरचा रकाना समोर येतो, आणि ती स्टाफरूमच्या दारात उभी राहून म्हणते, "सर, माका एक लेटर व्हया होता." सर कपाट उघडतात आणि बोनाफाइडचं पुस्तक काढतात.

बोनाफाइड म्हणजे तुम्ही त्या कॉलेजात शिकता याचा दाखला. कॅरेक्टर सर्टिफिकेट म्हणजे तुमची वर्तणूक चांगली आहे असं छापील वाक्य, ज्यात फक्त नाव बदलतं. रेकमेंडेशन लेटर यातलं काहीच नाही. तुम्हाला वर्गात शिकवलेल्या माणसाने, तुम्हाला कधीच न बघितलेल्या माणसाला, तुम्ही कसा विचार करता, अडलात की काय करता, हे सांगायचं असतं. मी बारावीला केमिस्ट्री शिकवतो आणि अशी पत्रं लिहितो, त्यामुळे टेबलाच्या ह्या बाजूने जे दिसतं ते लिहितोय. माझं म्हणणं सुरुवातीलाच सांगून टाकतो: पत्र सरांनीच लिहायचं, पण सरांना आठवेल अशी सोय करायचं काम तुमचं. ऐंशी-शंभर पोरांच्या बॅचमधलं तुमचं नेमकं काय लक्षात ठेवायचं हे सरांना आपोआप सुचत नाही, वाईट वाटून घेऊ नका.

आधी बघा कुठे काय मागतात

सरांकडे जायच्या आधी एक वही घ्या आणि प्रत्येक कॉलेजच्या वेबसाइटवरून बघून लिहा: किती पत्रं, कुणाची, कशी पाठवायची, शेवटची तारीख. यात प्रचंड फरक असतो आणि सगळ्यांना सारखंच लागतं असं धरून चाललात की घोळ.

अमेरिकेत बारावीनंतर जायचं तर बहुतेक कॉमन ॲप लागतं, म्हणजे बऱ्याच कॉलेजांसाठीचा एकच ऑनलाइन फॉर्म, हजाराहून जास्त कॉलेजं त्यात आहेत. तिथे दोन वेगळ्या गोष्टी असतात, एक शाळेच्या काउन्सेलरचा रिपोर्ट आणि दुसरं विषय शिक्षकांचं पत्र. शिक्षकांची किती हे प्रत्येक कॉलेज ठरवतं, साधारण एक किंवा दोन. एमआयटीचा फॉर्म कॉमन ॲपमध्ये नाही, त्यांचा स्वतःचा आहे, आणि त्यांना एक पत्र गणित किंवा विज्ञानाच्या शिक्षकांचं आणि दुसरं भाषा किंवा समाजशास्त्राकडच्या शिक्षकांचं हवं असतं. म्हणजे मराठीच्या बाई पण चालतात, हे बऱ्याच जणांच्या डोक्यातच येत नाही. उलट युनिव्हर्सिटी ऑफ कॅलिफोर्नियाच्या कॉलेजांना, म्हणजे बर्कली, लॉस एंजेलिस वगैरे, अर्जासोबत पत्र लागतच नाही. तिकडेच अप्लाय करायचं असेल तर उगाच सरांना दमवू नका.

इंग्लंडला यूकॅस, म्हणजे तिकडच्या कॉलेजांसाठीचा एकत्र ऑनलाइन अर्ज. तिथे पाच कॉलेजं निवडली तरी रेफरन्स, म्हणजे सरांचं पत्र, एकच, आणि २०२४ च्या प्रवेशापासून तो एक सलग पत्र राहिलेला नाही, तीन भागांत भरायचा असतो: शाळेबद्दल माहिती, विद्यार्थ्याची काही विशेष अडचण असेल तर ती, आणि विद्यार्थ्याबद्दल अजून काय सांगण्यासारखं. सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे यूकॅसमध्ये रेफरन्स भरून झाल्याशिवाय तुमचा अर्ज पुढे जातच नाही. कॉमन ॲपमध्ये तुमचा भाग तुम्ही पाठवता, सरांचा सर पाठवतात, इथे तसं नाही. ऑक्सफर्ड, केंब्रिज आणि मेडिकलच्या बहुतेक कोर्सेसची तारीख १५ ऑक्टोबर, तिकडचे संध्याकाळचे सहा, म्हणजे आपले रात्रीचे साडेदहा. त्या दिवशी सर लग्नाला गेले असतील तर संपलं.

बीएस्सी-बीई करून पुढे मास्टर्सला जाणाऱ्यांना साधारण दोन ते तीन पत्रं लागतात, आणि तिथे प्रत्येक युनिव्हर्सिटी सरांना वेगळी लिंक पाठवते. कॉमन ॲपमध्ये सरांनी एकदा अपलोड केलं की सगळीकडे जातं, पण मास्टर्सला सहा ठिकाणी अप्लाय केलं तर सरांना सहा मेल, सहा फॉर्म. हे आधी सांगा, नाहीतर तिसऱ्या मेलला सर फोन करून विचारतात की हे काय चाललंय. आणि परदेशातच असं नाही, बंगळुरूच्या इंडियन अकॅडमी ऑफ सायन्सेसची उन्हाळी रिसर्च फेलोशिप आहे, बीएस्सीची पोरं अप्लाय करू शकतात, तिथेही शिक्षकांचं पत्र लागतं. ही संधी आपल्याकडची फार कमी पोरं घेतात.

काउन्सेलर म्हणजे कोण?

आपल्या ज्युनिअर कॉलेजात काउन्सेलर नावाचं पद नसतं, घाबरू नका. प्रिन्सिपॉल, व्हाइस प्रिन्सिपॉल, सुपरवायझर किंवा वर्गशिक्षक ही जागा भरू शकतात. ह्या माणसाचं काम वेगळं असतं: मार्कशीट अपलोड करायच्या, शाळेची माहिती द्यायची, आणि बाकीच्या पोरांच्या तुलनेत तुम्ही कुठे आहात ते सांगायचं. शक्यतो प्रिन्सिपॉल सरांना हे द्या आणि विषय शिक्षकांना मोकळे ठेवा.

कुणाला विचारायचं

पोरं सरळ जास्त मार्क देणाऱ्या सरांकडे जातात. मार्क तर मार्कशीटवर आहेतच, ते परत सांगायला पत्र कशाला. आपल्या कोकण बोर्डाचा निकाल तर दरवर्षी राज्यात पहिला असतो, २०२५ ला बारावीचा ९६.७४ टक्के लागला, म्हणजे वर्गात जवळपास सगळेच पास. मग तुम्ही वेगळे कसे हे मार्कांच्या बाहेरच सांगावं लागणार. ज्या सरांनी तुम्हाला काहीतरी करताना बघितलंय, चुकताना बघितलंय, प्रश्न विचारताना, भांडताना, दुसऱ्याला समजावताना बघितलंय, त्यांच्याकडे जा. ७२ मार्क मिळालेल्या विषयाच्या मॅडम ९५ वाल्या सरांपेक्षा दहापट चांगलं लिहू शकतात.

बारावीनंतर जाणाऱ्यांनी अकरावी-बारावीला शिकवलेले शिक्षक घ्या, आठवीतल्या आवडत्या बाई नकोत. इथे एक कडू गोष्ट सांगावी लागेल. जी पोरं नावाला आपल्याकडे ॲडमिशन घेतात आणि दोन वर्षं कोल्हापूरला नाहीतर पुण्याला क्लासला जाऊन बसतात, फक्त प्रॅक्टिकलला तोंड दाखवतात, त्यांच्याबद्दल आम्ही काय लिहिणार? चेहरा पण ओळखीचा नसतो. क्लासच्या सरांचं पत्र शाळेच्या शिक्षकाच्या जागी सहसा चालत नाही, फार तर जादाचं म्हणून. बाहेर जायचा विचार दहावीनंतरच डोक्यात असेल तर वर्गात बसा.

दुसरी आपल्याकडची अडचण म्हणजे तासिका तत्त्वावरचे शिक्षक. रिकाम्या जागा भरत नाहीत, त्यामुळे कित्येक ठिकाणी फिजिक्स-मॅथ्सला दरवर्षी नवीन माणूस येतो आणि मार्चनंतर दिसत नाही. बऱ्याचदा तोच तरुण सर पोरांना सगळ्यात जास्त ओळखत असतो. ते पत्र लिहू शकतात, तुम्हाला शिकवलंय एवढं पुरे आहे, पण जायच्या आधी त्यांचा नंबर आणि ईमेल घेऊन ठेवा.

कुणाला विचारायचं नाही तेही सांगतो. आई त्याच शाळेत शिक्षिका असेल तर आई नको, काका असतील तर काका नकोत, आडनाव वेगळं असलं तरी मामा पण नको. आमदार, झेडपी मेंबर, सरपंच, देवस्थानचे ट्रस्टी ह्यांचं लेटरहेड कितीही भारी असलं तरी त्यांनी तुम्हाला वर्गात बघितलेलं नाही. वाचणाऱ्याला ते लगेच कळतं आणि तुमचंच हसं होतं.

कधी विचारायचं

गावचं कॅलेंडर समोर ठेवा. अमेरिकेच्या अर्ली डेडलाइन बऱ्याच ठिकाणी १ नोव्हेंबरला असतात, रेग्युलर जानेवारीच्या सुरुवातीला. आता मागे या. दिवाळीची सुट्टी त्याच सुमाराला, त्याच्या आधी सहामाहीचे पेपर, आणि त्याच्या आधी गणपती. गणपतीत कोकणात कोण कुणाला भेटतं? आठवडाभर आधीपासून आरास, बाजार, मुंबईची माणसं, आणि सर स्वतःच्या गावी. जानेवारी संपता संपता प्रॅक्टिकल आली की आम्ही कुणाचेच नसतो. म्हणजे विचारायची खरी वेळ जून अखेर ते जुलै. कॉलेज सुरू झालंय, पाऊस पडतोय, कुणाला कुठे जायचं नाहीये. पत्रासाठी लागणारं सामान (मार्कशीट, कॉलेजांची यादी वगैरे, खाली सांगतो) गणपतीच्या आधी सरांच्या हातात द्या आणि पत्र दिवाळीच्या सुट्टीआधी अपलोड होईल असं बघा. मास्टर्सवाल्यांनी पण ऑगस्ट सोडू नये. अगदीच उशीर झाला तरी एक महिना द्या. "सर, परवा लास्ट डेट आहे" म्हणून आलेल्या पोराला मी तरी नाही म्हणतो, कारण दोन दिवसांत लिहिलेलं पत्र त्याचं नुकसानच करतं.

तारीख सांगताना खरी तारीख सांगा आणि सोबत तुमची तारीख पण, दहा दिवस आधीची. वादळ-पावसात वीज गेली आणि नेट गेलं की दोन दिवस काही हलत नाही हे आपल्याला काय नवीन आहे.

कसं विचारायचं

समोर जाऊन. व्हॉट्सॲपवर नको, आणि सगळी स्टाफरूम चहा पीत असताना तर नकोच, कारण चार जणांसमोर सरांना नाही म्हणता येत नाही आणि मग नाइलाजाने लिहिलेलं पत्र मिळतं. आधी विचारा की सर कधी मोकळे आहेत. मग साधं बोला: "सर, मी अमुक ठिकाणी अप्लाय करतेय, तिथे शिक्षकांचं पत्र लागतं. तुम्ही मला अकरावीपासून शिकवलंय म्हणून तुम्हाला विचारावंसं वाटलं. तुम्हाला वेळ असेल आणि माझ्याबद्दल लिहिण्यासारखं काही आहे असं वाटत असेल तर लिहाल का? नसेल जमत तरी चालेल सर, मी समजू शकते."

शेवटचं वाक्य गाळू नका. सर म्हणाले "बघू", "कुणी दुसरं मिळालं नाही का", "आधी तू अभ्यासाकडे बघ", तर ते नाहीच आहे असं समजा, धन्यवाद म्हणा आणि दुसरे सर शोधा. मागे लागून कोमट पत्र मिळवण्यात काही अर्थ नाही.

हो म्हणाले तर लगेच विचारा की ईमेल कुठला वापरतात, आणि दोन दिवसांत खालचं सामान नेऊन द्या.

सरांना काय द्यायचं

सर्टिफिकेटांची फाइल नको. रांगोळी स्पर्धा, निबंध स्पर्धा, तालुकास्तरीय उत्तेजनार्थ, हे सगळं तुमच्या फॉर्ममध्ये तुम्ही स्वतः लिहिणारच आहात. सरांना लागतं ते एवढंच: मार्कशीटची झेरॉक्स, कुठे कुठे आणि कुठल्या कोर्सला अप्लाय करताय त्याची तारखांसकट यादी, तुम्हाला पुढे काय करायचंय याबद्दल पाच-सहा ओळी, आणि एक आठवणींचं पान. शेवटचं सगळ्यात महत्त्वाचं, त्याच्यावरच पत्र उभं राहतं.

आठवणींच्या पानावर त्या सरांच्या तासाला, लॅबमध्ये, सहलीत घडलेल्या तीन-चार गोष्टी लिहा. मराठीत लिहा, छान लिहायच्या भानगडीत पडू नका. मी मेहनती आहे, मला विज्ञानाची आवड आहे, असलं काही नको, फक्त काय झालं ते. समजा वेंगुर्ल्याकडची किनाऱ्यालगतची वाडी आहे, मे महिन्यात विहिरींचं पाणी मचूळ होतं. एक पोरगी तीन विहिरींचं पाणी बिसलेरीच्या बाटल्यांतून घेऊन आली आणि म्हणाली सर यात मीठ किती ते मोजूया. तिच्या पानावर असं असेल:

"जूनमध्ये मी तीन विहिरींचं पाणी आणलं होतं. तुम्ही म्हणालात सिल्व्हर नायट्रेट महाग आहे, थोडंच मिळेल, म्हणून मी दहा-दहा मिलीवर टायट्रेशन केलं. पिवळ्याचा विटकरी रंग कधी झाला हे नीट कळत नव्हतं आणि एकाच विहिरीची तीन रीडिंग तीन वेगळी आली. मला वाटलं माझंच चुकतंय. मग ब्युरेट भरून तशीच ठेवली आणि थोड्या वेळाने बघितलं तर पातळी उतरली होती, कॉक गळत होता. दुसरी ब्युरेट घेऊन सगळं परत केलं. तुम्ही तेव्हा काही बोलला नाहीत पण पुढच्या बॅचला सुरुवातीलाच कॉक तपासायला सांगितलंत."

हे वाचल्यावर मला तो दिवस आठवतो, त्या पोरीने न लिहिलेल्या गोष्टी पण आठवतात, की ती डबा न खाता थांबली होती, की तिने आधी मैत्रिणीकडून रीडिंग घ्यायला लावून खात्री केली होती. आता मी पत्र लिहू शकतो. "शी इज हार्डवर्किंग अँड सिन्सिअर" ह्याच्यापेक्षा गळणारा कॉक जास्त सांगतो, आणि जगातल्या कुठल्याही केमिस्टला तो कळतो.

पान एकच ठेवा, आणि दोन शिक्षकांना एकच पान देऊ नका. केमिस्ट्रीच्या सरांना लॅबमधलं, मराठीच्या बाईंना त्यांच्या तासाचं. नाहीतर दोन्ही पत्रांत एकच विहीर.

"तूच लिहून आण, मी सही करतो"

हे वाक्य ऐकायला मिळणारच. रागावू नका, सरांना आळस आहे असंच नसतं, बऱ्याचदा इंग्रजीत पानभर लिहायचं टेन्शन असतं आणि ते पोरासमोर बोलून दाखवता येत नाही. पण तुम्ही लिहिलेलं पत्र सरांच्या नावावर पाठवणं ही फसवणूक आहे. पोर्टलवर सर स्वतःच्या नावाने ते सादर करतात, उघडकीला आलं तर मिळालेली ॲडमिशन रद्द होऊ शकते, आणि पुढच्या वर्षी त्याच शाळेतून जाणाऱ्या पोराकडे पण संशयाने बघतात. शिवाय ते ओळखू येतं. तुमचा निबंध आणि दोन सरांची दोन पत्रं, तिन्हीत तेच शब्द, त्याच लांबीची वाक्यं, वाचणाऱ्याचा रोजचा धंदा आहे तो. सतरा वर्षांचं पोर स्वतःचं कौतुक करतं तेव्हा नुसती विशेषणं येतात.

मग करायचं काय? आठवणींचं पान पुढे करा आणि म्हणा, "सर, मी मुद्दे आणलेत, लिहायचं तुम्हीच, मराठीत लिहिलंत तरी चालेल." हे मराठीत वालं वाक्य फार कामाचं आहे. सर मराठीत छान बोलतात, घडाघडा सांगतात. त्यांनी मराठीत लिहावं किंवा फोनवर बोलून रेकॉर्ड करावं, आणि कॉलेजमधल्या इंग्रजीच्या सर-मॅडमनी ते इंग्रजीत करून द्यावं, खाली भाषांतर कुणी केलं ते नाव आणि सही टाकून. भाषांतर तुम्ही करायचं नाही, तुमच्या ताईने पण नाही. मूळ मराठी पत्र सोबत जोडलं तर अजून चांगलं.

आणि सरांनो, इंग्रजी साधी असली तरी काही बिघडत नाही. छोटी वाक्यं लिहा. तिकडच्यांना माहीत असतं की लिहिणाऱ्याची भाषा वेगळी आहे, ते व्याकरण तपासत नाहीत. मोबाइलवरच्या एआयला "एक छान रेकमेंडेशन लेटर दे" सांगितलं की जे गुळगुळीत पान येतं ते कुठल्याही पोराला लागू पडतं, म्हणून ते कुणाच्याच कामाचं नाही. शहरात काही कन्सल्टंट पैसे घेऊन तयार पत्रं देतात, त्यांच्या तर दारात पण उभे राहू नका.

आता थोडं सरांसाठी

पत्र एक पान. कॉलेजचं लेटरहेड, तारीख, सही, नाव, पद, शिक्का, संपर्काचा नंबर. सुरुवातीला दोन ओळींत सांगा की तुम्ही कोण, ह्या विद्यार्थ्याला काय आणि किती वर्षं शिकवलं. मग लगेच एक प्रसंग, जमला तर दोन. मग तुलना: माझ्या इतक्या वर्षांच्या नोकरीत असा प्रश्न विचारणारे मोजकेच, किंवा ह्या बॅचमध्ये प्रॅक्टिकलला पहिल्या तिघांत. खरं असेल तेवढंच. सगळीच पोरं सर्वोत्तम असतील तर पुढच्या वर्षी तुमच्या शब्दाला किंमत राहणार नाही.

कॉमन ॲपमध्ये पत्रासोबत एक तक्ता पण असतो, त्यात सरासरीच्या खालपासून ते कारकिर्दीत पाहिलेल्या मोजक्यांपैकी एक, म्हणजे वरच्या एक टक्क्यातला, इथपर्यंत खुणा करायच्या असतात. अपयश आल्यावर कसा वागतो, दुसऱ्यांची काळजी करतो का, वर्गातल्या चर्चेत भाग घेतो का, असे मुद्दे. सगळीकडे शेवटच्या खणात खूण करायचा मोह होतो, करू नका. जे बघितलंच नाही तिथे सांगण्यासारखा आधार नाही असा पर्याय असतो, तो वापरा.

संदर्भ द्यायला विसरू नका, कारण तिकडच्याला आपला भाग माहीत नाही. दहावीपर्यंत मराठी माध्यम आणि अकरावीला एकदम इंग्रजीतून सायन्स, ही केवढी उडी आहे ते लिहा. पोर सकाळची पहिली एसटी पकडून दीड तास प्रवास करून येत असेल तर ते लिहा, लॅबमध्ये चार जणांत एक ब्युरेट असेल तर तेही. पण रडगाणं नको, एका ओळीत माहिती म्हणून. जात, धर्म, घरातलं आजारपण, वडिलांचं व्यसन, ह्यातलं काहीही पोराला विचारल्याशिवाय लिहू नका. आज्ञाधारक, नम्र, मोठ्यांचा मान राखणारा, हे आपल्याकडे फार मोठं कौतुक, तिकडे त्यावरून काहीच कळत नाही.

अजून एक. बारावीचा निकाल मे महिन्यात लागतो आणि अर्ज त्याच्या कितीतरी आधी जातात, म्हणून अंदाजे मार्क मागतात. अकरावी, सहामाही आणि तुमच्या अनुभवावरून द्या. यूकॅसला इंग्लंडच्या कॉलेजांची ऑफर ह्या अंदाजावर बरीच अवलंबून असते, त्यामुळे प्रेमापोटी ९८ लिहून पोराला अडचणीत आणू नका, आणि कडकपणा दाखवायला ७० पण नको.

पोर्टल, ईमेल आणि नावाचा घोळ

कॉमन ॲपमध्ये सरांना बोलावणं पाठवायच्या आधी एक परवानगीचा फॉर्म येतो, फेर्पा नावाचा, १९७४ च्या अमेरिकन कायद्यावरून. त्यात विचारतात की नंतर ही पत्रं वाचायचा हक्क तुम्ही सोडताय का. सोडा. हक्क ठेवलात तर कॉलेजला वाटू शकतं की सरांनी मोकळेपणाने लिहिलं नसेल, आणि कित्येक शिक्षक मग लिहायलाच तयार होत नाहीत. एकदा बोलावणं गेलं की हे बदलणं कटकटीचं असतं, म्हणून आधी वाचून टिक करा.

ईमेल सरांचाच द्या. कॉलेजच्या डोमेनचा असेल तर उत्तम. आपल्याकडे बहुतेकांचा जीमेलच असतो, काही युनिव्हर्सिट्या तो घेत नाहीत किंवा नंतर खात्री करायला फोन करतात. कॉलेजची वेबसाइट असेल तर ऑफिसला सांगून शिक्षकांसाठी एक ईमेल काढून घ्या, ज्याला कळतं तो लॅब असिस्टंट करून देतो. नाहीच जमलं तर जीमेल आणि लेटरहेडवरची स्कॅन केलेली सही-शिक्क्याची प्रत. सरांच्या नावाने तुम्हीच नवीन जीमेल काढून स्वतःच पत्र अपलोड करणं, हे करणारे महाभाग असतात, ते सरळ सरळ बनावटगिरीत मोडतं.

मेल बऱ्याचदा स्पॅममध्ये जातो. पाठवल्यावर सरांना सांगा, तिथे पण बघायला सांगा. सरांना कॉम्प्युटर जमत नसेल तर दुसऱ्या एखाद्या तरुण शिक्षकाला सोबत बसायची विनंती करा, तुम्ही नाही बसायचं.

आणि नाव! बारावीच्या मार्कशीटवर आडनाव आधी, मग तुमचं नाव, मग वडिलांचं. पासपोर्टवर क्रम वेगळा, स्पेलिंग पण कधी वेगळं, एकीकडे वडिलांचं नाव आहे, दुसरीकडे नाही. पत्रात नाव पासपोर्टवर आणि अर्जावर आहे तसंच हवं, नाहीतर ते पत्र तुमच्या फाइलला जोडलंच जात नाही. एका चिठ्ठीवर नाव इंग्रजीत जसंच्या तसं लिहून सामानासोबत द्या.

आठवण आणि त्यानंतरचं

ठरलेल्या तारखेच्या आठवडाभर आधी एकदा आठवण करा, मग दोन दिवस आधी. रोज गुड मॉर्निंगच्या फुलासोबत नको. पोर्टलवर पत्र आलं की नाही ते तुम्हाला दिसतं, त्यामुळे "सर पाठवलंत का" विचारायच्या आधी स्वतः बघा. पत्र दाखवा म्हणून मागू नका, सरांनी आपणहून दाखवलं तर तो त्यांचा प्रश्न. पत्राच्या आधी पेटी, बर्फी, काजू काही नेऊ नका. नंतर मे महिन्यात घरचे आंबे दिलेत तर कुठलेही सर नाही म्हणणार नाहीत. निकाल काहीही लागो, फोन करून सांगा, आम्ही वाट बघत असतो.

आणि तारीख उलटली तरी पत्र गेलंच नसेल तर? अमेरिकेच्या बऱ्याच कॉलेजांत तुमचा स्वतःचा भाग वेळेत गेला असेल तर शाळेची कागदपत्रं थोडे दिवस उशिरा आली तरी घेतात. लगेच ॲडमिशन ऑफिसला दोन ओळींचा मेल टाका की आमच्याकडे सुट्टी आहे, पत्र अमुक तारखेपर्यंत येईल. यूकॅसला ही सवलत धरून चालू नका, तिथे सरांच्या घरी जाऊन बसा, पडवीत का होईना.